विश्लेषण : ‘बसून तर काम आहे!’ मग पाठ का मोडते?

सोलापूर-धुळे महामार्गावर मांजरसुंबा ओलांडून धाराशिवकडे निघाले की चौसाळा लागते. बीड तालुक्यातले हे बाजाराचे गाव. एकेकाळी याच नावाचा विधानसभा मतदारसंघ होता, २००८ च्या पुनर्रचनेत तो गेला. अशा महामार्गावरच्या गावात रस्त्याकडेला हॉटेले, खताची दुकाने, मोबाइल दुरुस्ती आणि मधूनमधून झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, आधार, पॅन, पीक विमा, सातबारा असे एकाखाली एक लिहिलेले फलक दिसतात. प्रत्येक फलकाखाली एक संगणक, एक प्रिंटर आणि त्यांच्यासमोर सकाळपासून बसलेला एक तरुण किंवा तरुणी.

तासन् तास खुर्चीत बसून काम, असे म्हटले की डोळ्यांसमोर हिंजवडीच्या काचेच्या इमारती येतात. या विषयावरचा सल्लाही त्या इमारतींसाठीच लिहिलेला असतो. उंची बदलणारी खुर्ची घ्या, उभ्याने काम करायचे टेबल घ्या, दुपारी कार्यालयाच्या आवारात चालून या. दहा बाय बाराच्या गाळ्यात, पाठीमागे पंखा आणि पुढ्यात वीस माणसांची रांग असलेल्याने हा सल्ला वाचून करायचे काय? ग्रामपंचायतीचा संगणक परिचालक, पतसंस्थेचा लिपिक, बँकेचा रोखपाल, अभ्यासिकेत बारा-बारा तास बसणारे स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी, करोनाकाळात पुण्याहून गावी येऊन घरूनच काम करू लागलेले अभियंते, या सगळ्यांचे काम आता बैठे आहे. त्यांच्या दुखण्याची दखल मात्र घरातही घेतली जात नाही. असे का होते, बसण्याने शरीरात नेमके काय घडते आणि यात कायदा कुठे आहे, हे समजून घेणे म्हणूनच गरजेचे आहे.

‘बसून काम’ म्हणजे सुख, हा समज कुठला?

बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दरवर्षी गाळप हंगाम आला की टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे ‘एक कोयता’ म्हणतात. माणसांची मोजणीच अवजाराने होते. पहाटे फडात उतरायचे, वाकून ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावर चुंबळ ठेवून त्या फळीवरून ट्रकवर चढवायच्या. या कामाने शरीराचे काय होते, हे २०१९ मध्ये सगळ्या देशाने वाचले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या पाहणीत जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढल्याचे आढळले होते.

अशा घरातला मुलगा बारावी, पदवी, टायपिंग, एमएससीआयटी करून खुर्चीवर बसतो, तेव्हा त्या घराने एक मोठी लढाई जिंकलेली असते. ‘शीक, नाहीतर कोयता हातात येईल’ हे वाक्य ऐकत तो वाढलेला असतो. मग तोच संध्याकाळी घरी येऊन म्हणतो, कंबर भरून आली आहे. आई विचारते, ‘खुर्चीवर बसून कसली रे कंबर दुखते?’ तिच्या जागी तिचा प्रश्न चुकीचा नाही. तिने उचललेल्या मोळ्यांपुढे की-बोर्डचे ओझे ते काय! पण शरीर अशी तुलना करत नाही. वाकून वाकून मणक्याचे जे होते ते एका प्रकारचे, न हलता बसून होते ते दुसऱ्या प्रकारचे.

यातून निष्पन्न होते ते असे की, पहिल्या पिढीचा खुर्चीवाला दुखणे लपवतो. मेडिकलमधून वेदनाशामक गोळी घेतो, फार तर कमरेचा पट्टा आणतो आणि पुन्हा बसतो. महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाने वेदनाशामक गोळ्या घेणे पोटाला आणि मूत्रपिंडाला महागात पडू शकते, ही गोष्ट गोळी विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही.

अर्जावर कमाई असेल तर उठणार कोण?

सेवा केंद्राचे अर्थकारण पाहिल्याशिवाय हे दुखणे कळत नाही. केंद्रचालकाचे उत्पन्न अर्जाच्या संख्येवर असते. एक रुपयात पीक विमा योजना २०२३ च्या खरिपात सुरू झाली, तेव्हा केंद्राला प्रत्येक अर्जामागे ४० रुपये विमा कंपनीकडून मिळणार होते. २०२४ च्या जुलैत ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज सुरू झाले. त्यात अर्ज भरून देणाऱ्यांना पात्र अर्जामागे ५० रुपये प्रोत्साहन भत्ता ठरला. महिन्याच्या पगारावरचा माणूस पाय मोकळे करायला उठला तर त्याचे काही जात नाही. अर्जावर कमावणारा उठला तर रांगेतला माणूस शेजारच्या केंद्रात जातो.

त्यात मुदतीची भर. लाडकी बहीण योजनेची पहिली मुदत १ ते १५ जुलै अशी होती. दोन आठवड्यांत लाखो अर्ज! उत्पन्नाचा दाखला, अधिवास, रेशनकार्ड यांसाठी तहसीलपासून सेवा केंद्रापर्यंत सगळीकडे झुंबड उडाली आणि मग मुदत ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. त्याच महिन्यात खरीप पीक विम्याचेही अर्ज होते. दिवसा संकेतस्थळ चालेना, म्हणून रात्री अर्ज भरायचे, असा प्रकार राज्यभर झाला. दिवसभर कागद गोळा करायचे, रात्री दोन-तीनपर्यंत ते चढवायचे, सकाळी नऊला पुन्हा शटर वर. २०२५ च्या सप्टेंबरात याच योजनेची ई-केवायसी सुरू झाली आणि ओटीपीची वाट पाहत बसण्याचा नवा हंगाम आला.

बर्नार्डिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० साली कामगारांच्या आजारांवर एक ग्रंथ लिहिला. पुढे १७१३ मध्ये त्याने त्यात लेखनिकांची भर घातली. त्यांच्या दुखण्याची त्याने सांगितलेली कारणे तीन : सतत बसून राहणे, हाताची एकाच दिशेने चालणारी न थांबणारी हालचाल आणि लिहिताना चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. तीनशे वर्षांत बोरू गेला, टाक गेला, माउस आला. पण केंद्रचालकाच्या दिवसाचे याहून नेमके वर्णन आजही करता येणार नाही. विशेषतः तिसरे कारण. आधार क्रमांकातला एक आकडा चुकला, बँक खात्याच्या नावातली वेलांटी इकडची तिकडे झाली, की एखाद्या बाईचे दीड हजार अडकतात. आणि ती बाई अनोळखी नसते. ती शेजारच्या गल्लीतली मावशी असते; पुढचे सहा महिने ती रोज विचारते, ‘बाळा, माझं काय झालं?’

न हलणाऱ्या शरीरात काय घडते?

बसणे हा काही आजार नाही. न हलणे हे दुखण्याचे मूळ आहे.

पोटऱ्यांचे स्नायू पायातले रक्त वर ढकलायला मदत करतात. चालताना ते आकुंचन पावतात आणि पंपासारखे काम करतात. बसल्यावर पंप बंद. म्हणून संध्याकाळी चप्पल घट्ट होते, घोट्यावर मोज्याची खूण उमटते. मांडीचे आणि नितंबांचे स्नायू हे शरीरातले मोठे स्नायू. ते हलतात तेव्हा रक्तातली साखर वापरतात. दुपारी दोन भाकरी किंवा वडापाव खाऊन लगेच खुर्चीत बसले की ही साखर रक्तात अधिक वेळ फिरत राहते. मणक्यांमधल्या चकत्यांची गोष्ट वेगळीच आहे. प्रौढ माणसाच्या चकतीच्या आतल्या भागात रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळते ते आजूबाजूने झिरपून आणि हालचालीमुळे होणाऱ्या दाबाच्या चढ-उताराने त्याला हातभार लागतो. एकाच स्थितीत तीन-चार तास बसले की हा चढ-उतारच थांबतो.

मानेचे गणित स्मार्टफोनवर ही बातमी वाचणाऱ्यांनाही लागू आहे. डोके सरळ असते तेव्हा त्याचे वजन साधारण साडेचार ते साडेपाच किलो. केनेथ हंसराज या शल्यविशारदाने २०१४ मध्ये संगणकीय प्रारूपावरून हिशेब मांडला : मान ६० अंशांत पुढे झुकली की मणक्यावर येणारा भार सुमारे २७ किलोंचा होतो. अर्धे खताचे पोते! हा हिशेब प्रत्यक्ष माणसांवर मोजलेला नाही, हे लक्षात ठेवायला हवे. तरी दिवसभर लॅपटॉप आणि रात्री मोबाइल पाहणाऱ्यांची मान का धरते, त्याची दिशा त्यातून कळते. डोळ्यांचेही तसेच. माणूस एरवी मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापण्या मिटतो. पडद्याकडे टक लावली की हे प्रमाण निम्म्याहूनही खाली येते. बीडच्या उन्हाळ्यात, समोरून पंख्याचा कोरडा वारा येत असताना डोळे चुरचुरणार नाहीत तर काय!

बसण्याचा आणि हृदयाचा संबंध पहिल्यांदा ठळकपणे दिसला तो बसमध्ये. लंडनमधील जेरी मॉरिस आणि सहकाऱ्यांनी सुमारे ३१ हजार वाहतूक कर्मचाऱ्यांचा अभ्यास करून १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापले. चालक आणि वाहक एकाच बसमध्ये, एकाच वर्गातले. पण दिवसभर बसणाऱ्या चालकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण दुमजली बसचे जिने चढ-उतार करणाऱ्या वाहकांपेक्षा अधिक होते. त्याच अभ्यासात टपाल वाटणारे पोस्टमन आणि टपाल खात्यात बसून काम करणारे कारकून यांची तुलना होती. तिथेही फिरणाऱ्यांचे हृदय अधिक शाबूत निघाले. मॉरिस यांनी नंतर कर्मचाऱ्यांच्या गणवेशांची मापेही तपासली. चालकांच्या पॅंटींची कंबर मुळातच रुंद होती, म्हणजे जाड माणसेच चालकाची नोकरी धरत असतील का, ही शंकाही त्यांनी स्वतःच उपस्थित केली. शास्त्राचा हा प्रामाणिकपणा. पुढच्या अनेक अभ्यासांनी मात्र हालचालीचा फायदा पुन्हा पुन्हा दाखवून दिला. आपल्या एसटीला वरचा मजला नाही, पण गच्च भरलेल्या गाडीत पुढून मागे तिकिटे फाडत जाणारा वाहक आणि स्टिअरिंगला खिळलेला चालक यांची जोडी पाहिली की हा मुद्दा कुणालाही समजावा.

सकाळी एक तास पळाले की भागते का?

बरेचसे भागते, पण सगळे नाही. २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच आलेल्या, दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवर आधारलेल्या विश्लेषणात असे दिसले की, दिवसाला आठ तासांहून अधिक बसणाऱ्यांमध्ये अकाली मृत्यूचा वाढलेला धोका रोज ६० ते ७५ मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल केल्यास जवळपास पुसला जातो. ग्रामीण बीडसाठी ही चांगली बातमी आहे. पोलीस भरतीच्या धावण्याच्या चाचणीसाठी पहाटे पळणारी मुले-मुली इथे गावोगाव दिसतात. अनेक जण केंद्र उघडण्याआधी शेताला पाणी देऊन येतात, धारा काढतात. पळायला महामार्गाची कडा वापरावी लागते, हे मात्र जिवाशी खेळणे आहे. गावाला मैदान हवे ही मागणी खेळाडूंची म्हणून सोडून दिली जाते, खरे तर ती आरोग्याची आहे.

भरती झाली नाही, वय निघून गेले, लग्न झाले की ही धाव थांबते आणि खुर्ची उरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार भारतातील जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत; महिलांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के, पुरुषांत ४२ टक्के. २०२३ च्या ‘आयसीएमआर-इंडियाब’ अभ्यासाने देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आणि १३ कोटी ६० लाख लोकांना मधुमेहपूर्व अवस्था असल्याचा अंदाज दिला. ग्रामीण भागातले मधुमेहाचे प्रमाण ८.९ टक्के होते. ‘साखर हा शहरातला आजार’ असे म्हणण्याचे दिवस गेले.

सलग तासभर जमत नसेल त्यांच्यासाठी आणखी एक धागा आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कीथ डायझ यांच्या गटाने २०२३ मध्ये तपासले की, किती वेळाने किती मिनिटे उठले तर फरक पडतो. दर अर्ध्या तासाला पाच मिनिटे संथ चालल्याने जेवणानंतरची साखरेची उसळी दिवसभर बसून राहण्याच्या तुलनेत ५८ टक्क्यांनी कमी झाली. तासाला एक मिनिट चालल्यानेही रक्तदाब चार ते पाच अंकांनी उतरला. अभ्यास फक्त ११ जणांवरचा, तेव्हा आकडे दगडावर कोरून ठेवू नयेत. पण तासाला एक मिनिट, हे रांग लागलेल्या केंद्रातही जमण्यासारखे आहे.

‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला कुणासाठी?

अशा लेखांमध्ये हमखास येणारे हे वाक्य केंद्रात किंवा दुकानात बसणाऱ्या मुलींसाठी कुचकामी आहे. रस्त्याकडेच्या बहुतेक गाळ्यांना स्वच्छतागृह नसते. पुरुष आडोसा शोधतात. मुलगी सकाळी घरून निघताना पाणी पिणे टाळते आणि दुपारी चहाही घेत नाही. डोकेदुखी, मूत्रमार्गाचा संसर्ग, पाळीच्या दिवसांतली घालमेल हे सगळे त्या एका नसलेल्या दाराशी येऊन थांबते. घरी गेल्यावर भाकरी, भांडी, धुणे आहेच. तिला ‘व्यायामाला वेळ काढा’ असे सांगणाऱ्याने आधी तो वेळ कुणाच्या ताटातून काढायचा हेही सांगावे. गाळा भाड्याने देताना स्वच्छतागृहाची अट घालणे ग्रामपंचायतीला अशक्य नाही. महिलांच्या आरोग्यासाठी त्याचा उपयोग कुठल्याही योगशिबिराहून जास्त होईल.

मनाचे काय?

केंद्र सरकारच्या २०२४-२५ च्या आर्थिक पाहणी अहवालाने या विषयावर थेट भाष्य केले आहे. टेबलापाशी दिवसाला १२ तास किंवा त्याहून अधिक बसणाऱ्यांची मानसिक स्थिती खालावलेली असते आणि दोन तासांपर्यंत बसणाऱ्यांच्या तुलनेत त्यांचा मनःस्वास्थ्याचा गुणांक सुमारे १०० गुणांनी कमी असतो, असे सेपियन लॅब्जच्या अभ्यासाच्या आधारे त्यात नोंदवले आहे. आठवड्याला ६० तासांपेक्षा जास्त काम प्रकृतीला घातक ठरू शकते, हेही तिथेच आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२१ च्या संयुक्त अंदाजानुसार, आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्के अधिक आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के अधिक असतो. २०१६ या एका वर्षात जगभरात अशा लांब तासांपायी ७ लाख ४५ हजार मृत्यू झाल्याचा त्यांचा हिशेब आहे.

ताण वाढत जाऊन माणूस आतून रिता होतो, त्याला इंग्रजीत ‘बर्नआउट’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये याची नोंद ‘आजार’ म्हणून नव्हे तर कामाशी निगडित अवस्था म्हणून केली. लक्षणे तीन : सगळी शक्ती निचरून गेल्यासारखे वाटणे, कामाचा तिटकारा येणे आणि आपल्याकडून धड काही होत नाही असे वाटत राहणे. गावात यासाठी शब्द नाही. तिथे म्हणतात, ‘डोकं काम करत नाही.’ किंवा, ‘हल्ली लई चिडचिडा झालाय.’ रांगेतल्या म्हाताऱ्यावर खेकसणारा केंद्रचालक उर्मट असेलही; पण महिनाभर तो चार तास झोपलेला असण्याची शक्यताही तितकीच असते.

शहरातल्या कर्मचाऱ्याला निदान कार्यालयाचे दार ओलांडून बाहेर पडता येते. गावातल्या केंद्रचालकाचा मोबाइल क्रमांक अख्ख्या पंचक्रोशीकडे असतो. रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर आधार कार्डाचा फोटो येतो, ‘सकाळी तेवढं बघ’ या निरोपासह. लग्नात, दहाव्याला, देवळात, भेटणारा प्रत्येक जण त्याला अर्जाचे विचारतो. ओळखीच्या माणसाला नाही म्हणणे हे गावात जवळपास भांडण काढण्यासारखे असते. पुण्याच्या कंपनीचे काम घरून करणाऱ्याची अडचण याच्या उलटी : दिवसभर खोलीत बसलेला दिसतो म्हणून घरचे त्याला रिकामा समजतात. गिरणीतून दळण आणायला त्यालाच पाठवले जाते आणि तेवढ्यात कंपनीची बैठक सुरू होते.

झोप उडणे, भूक जाणे, कशातच मन न लागणे, जगण्यात अर्थ नाही असे विचार येणे, यांपैकी काहीही दोन आठवड्यांहून अधिक टिकले तर ते ‘टेन्शन’ म्हणून सोडून देऊ नये. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून दिवसरात्र सुरू आहे. मराठीत बोलता येते आणि कुणालाही तोंड दाखवावे लागत नाही. छोट्या गावात ही शेवटची सोय मोठी आहे. मनाचा विचार मनात घर करत असेल तर दोन आठवडे थांबू नये, त्याच दिवशी फोन करावा.

कायदा कुठपर्यंत पोहोचतो?

‘महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७’ने दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती बंधनकारक केली आणि जादा कामाला दुप्पट मोबदला ठरवला. वाचायला छान. पण हा कायदा लागू झाला तो दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना. त्याहून लहान आस्थापनांनी व्यवसाय सुरू केल्याची फक्त सूचना द्यायची. चौसाळ्यासारख्या गावातल्या एका-दोघांच्या केंद्राशी या तासांचा संबंधच आला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने बदलांना मंजुरी दिली, त्यात ही दहाची रेघ वीसवर नेली, रोजचे तास नऊवरून दहा केले आणि तीन महिन्यांतील जादा कामाची कमाल मर्यादा १२५ वरून १४४ तास केली. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत आणि जादा तासांसाठी कामगाराची लेखी संमती लागेल, असे सरकार सांगते. रोजगाराची गरज असलेला माणूस संमतीपत्रावर सही नाकारेल, ही कल्पना मंत्रालयातच सुचू शकते.

मोठ्या शहरातही कागदावरचा कायदा किती कामी येतो, हे जुलै २०२४ मध्ये दिसले. पुण्यात एका बड्या सल्लागार संस्थेत रुजू होऊन चारच महिने झालेल्या २६ वर्षांच्या सनदी लेखापाल तरुणीचा मृत्यू झाला. कामाच्या ताणाने तिचा जीव घेतला, असा आरोप तिच्या आईने पत्र लिहून केला; संस्थेने तो नाकारला. मृत्यूचे कारण काहीही असो, त्यानंतरच्या पाहणीत त्या कार्यालयाची दुकाने अधिनियमाखाली नोंदणीच नसल्याचे राज्याच्या कामगार विभागाने सांगितले. नोंदणीच नाही, तर तास मोजणार कोण? या घटनेला सहा महिने होतात न होतात तोच जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचे आठवड्याला ९० तास कामाचे वक्तव्य गाजले. इन्फोसिसच्या नारायण मूर्तींचे ७० तास त्याआधीच, २०२३ मध्ये येऊन गेले होते.

कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क देणारे खासगी विधेयक खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८ मध्ये लोकसभेत मांडले आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडले. फ्रान्समध्ये असा कायदा २०१७ पासून आहे, ऑस्ट्रेलियात २०२४ पासून. आपल्याकडे तो आला तरी नोकरदारांपुरताच असेल. स्वतःच मालक, स्वतःच कामगार असलेल्या केंद्रचालकाला फोन बंद करायचा हक्क कोणी द्यायचा?

मग गाळ्यात बसून करता काय येईल?

महागडी खुर्ची नसली तरी बरेच करता येते. प्लॅस्टिकच्या खुर्चीला कमरेच्या पोकळीत टॉवेलची घट्ट गुंडाळी लावावी. पाय अधांतरी राहत असतील तर खाली लाकडी खोके किंवा दोन विटांवर फळी ठेवावी. लॅपटॉपखाली जुन्या रजिस्टरांचा थर रचून पडदा डोळ्यांच्या रेषेत आणावा आणि की-बोर्ड वेगळा जोडावा. साधा की-बोर्ड काही शेकड्यांत मिळतो आणि मानेच्या पट्ट्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो. सगळ्यांत स्वस्त उपाय प्रिंटरचा. तो हाताशी न ठेवता गाळ्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवला की प्रत्येक पानासाठी उठावे लागते. पाण्याचेही असेच : बाटलीऐवजी माठ आणि तांब्या कोपऱ्यात. फोनवर बोलताना उभे राहायचे, एवढा नियम पाळला तरी दिवसातला अर्धा तास सुटतो. डोळ्यांसाठी दर वीस मिनिटांनी वीस सेकंद, वीस फुटांपलीकडे पाहावे असे सांगतात. महामार्गाकडेच्या गाळ्यात त्यासाठी मान वळवण्याइतकेच कष्ट आहेत. आणि जेवताना जमिनीवर मांडी घालून बसण्याची सवय मोडू नये. खाली बसणे आणि हाताचा आधार न घेता उठणे हाच गुडघ्यांचा, मांड्यांचा, तोलाचा रोजचा सराव आहे.

ताण आला की चहा, चहासोबत पुडी, हे चक्र मात्र कुठल्याही खुर्चीपेक्षा घातक आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, ती कुठे आहे हे टपरीवर जाऊन पाहावे. दिवसाचे सात-आठ कप साखरेचे चहा न हलणाऱ्या शरीरात जातात, तेव्हा पुढचे वेगळे सांगायला नको.

काही दुखणी घरगुती उपायांची नसतात. कंबरेतून पायात उतरणारी कळ, पाय किंवा बोटे सुन्न पडणे, हातातून वस्तू गळणे, रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी, एका पोटरीला अचानक आलेली दुखरी सूज, यांसाठी डॉक्टरांकडे जावे. लघवी-संडासवरचा ताबा जाणे किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर होणे यात तर एक दिवसही घालवू नये. अशा वेळी आधी मालिशवाल्याकडे जाऊन ‘शीर बसवून घेणे’ अंगाशी येऊ शकते.

उरतो तो मुदतीचा प्रश्न आणि तो केंद्रचालकाच्या हातात नाही. खरीप दरवर्षी जूनमध्ये येतो, हे सरकारला ठाऊक असते. तरीही विमा, अनुदान, ई-केवायसी यांच्या तारखा एकमेकींवर आदळतात, शेवटच्या आठवड्यात सर्व्हर बसतो आणि मुदतवाढ शेवटच्या दिवशी जाहीर होते. तोपर्यंत कुणीतरी रात्रभर जागून अर्ज भरलेले असतात. अर्जांसाठी गावनिहाय दिवस ठरवून देणे, मुदतवाढ देणार असाल तर ती आठवडाभर आधी सांगणे, दुपारी एक ते दोन संकेतस्थळ अर्ज स्वीकारणार नाही असे ठरवून सगळ्याच केंद्रांना एकदम जेवणाची सुट्टी देणे, यांपैकी एकाही गोष्टीला निधी लागत नाही. शेवटच्या उपायाचा फायदा असा की, उठलेल्याचे गिऱ्हाईक शेजारी जाण्याची भीती राहत नाही, कारण त्या तासात शेजाऱ्याचा संगणकही थांबलेला असतो. पुढच्या खरिपाचे वेळापत्रक जिल्हा प्रशासन आणि कृषी विभाग मे महिन्यात आखतील, तेव्हा त्या बैठकीला सेवा केंद्रांचा एखादा प्रतिनिधी बोलावला जातो का, हे पाहायला हवे.